चुना मारा, फोटो उतरवू नका

दोस्तांनो, आपल्या वस्त्यांत सध्या एक नवं शास्त्र शिरलंय. घर विकायचं शास्त्र. भिंत पाडायची नाही, स्लॅब टाकायचा नाही, कर्ज काढून फरशी बदलायची नाही. आहे तेच घर असं आवरायचं की गिऱ्हाईकानं उंबऱ्यातच खिशात हात घालावा. शास्त्र वाईट नाही. गरिबाला परवडणारं आहे. पण ते शिकवायला जो दलाल येतो त्याचं शेवटचं कलम नीट ऐका. तो म्हणतो, चुना मारा. बरोबर. नळाची गळती काढा. बरोबर. माळ्यावरचा पसारा खाली घ्या. बरोबर. आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, "अन् ते फोटो तेवढे उतरवा."

ते म्हणजे कोणते हे त्याला सांगावं लागत नाही. आपल्यालाही विचारावं लागत नाही.

ह्या एका वाक्याच्या विरोधात मी लिहितोय.

ओझरची गोष्ट आहे. निफाड तालुका, मुंबई-आग्रा रस्ता, बाणगंगेचा काठ. चंपाषष्ठीला खंडेरावाची यात्रा, बारागाड्या. १९६४ साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि गावाच्या नावाला 'मिग' कायमचं चिकटलं. वसाहत झाली, पगार आले. आजूबाजूला द्राक्षाचे मळे झाले, मळ्यांचे प्लॉट झाले, आणि जिथं प्लॉट तिथं दलाल. पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. जमीन महागली तशी आपली पत्र्याची, कोब्याची घरंही 'प्रॉपर्टी' झाली. ज्या वस्तीत पूर्वी कुणी चहा प्यायला येत नव्हतं तिथं आता लोक भाव विचारायला येतात. चहा अजून पीत नाहीत.

आमच्या वस्तीतल्या एका अण्णांनी घर विकायला काढलं. सगळा जन्म दुसऱ्याच्या मळ्यात छाटणी करण्यात गेला. बायकोच्या दवाखान्यात कर्ज झालं, ते फेडायचं होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी. दलाल आला. मोबाईलवर घराचे फोटो काढायच्या आधी त्यानं भिंतीवरचे बाबासाहेब, बुद्ध आणि रमाई उतरवायला लावले. दारावरचं 'जयभीम' खरवडायला लावलं. मोबाईलात जे घर गेलं ते कुणाचंच नव्हतं.

पण भिंत खोटं बोलत नाही. चुलीच्या धुरानं काळवंडलेल्या भिंतीवर फोटोच्या जागी पांढरा चौकोन राहिला. गिऱ्हाईक आलं, त्या चौकोनाकडं बघत म्हणालं, "इथं काय होतं?"

अण्णा म्हणाले, "घड्याळ."

साथींनो, ह्या एका शब्दाची किंमत कुठल्या रेडी रेकनरमध्ये आहे? सत्तर वर्षांचा माणूस, ज्याचा बाप नाशिकच्या गल्लीत काळारामाच्या दारासमोर बसलेला, तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीसमोर, परक्या माणसाला घाबरून म्हणतो 'घड्याळ'. मी अण्णांना दोष देत नाही. कर्ज उशाला घेऊन झोपणाऱ्याला दोष द्यायला आपण कोण? दोष त्या कलमाचा आहे.

आणि एवढं करून भाव वाढला का? नाही वाढला. गिऱ्हाईकानं पुढचाच प्रश्न विचारला, "आडनाव काय म्हणालात?" आणि आकडा खाली आला.

हे नीट समजून घ्या, कारण दलालाचा सगळा डाव इथं उघडा पडतो. घर काही किराणा दुकानातलं साबण नाही की वेष्टन बदललं की झालं. घर विकलं जातं कागदावर. विसार पावतीवर तुमचं नाव येतं. साठेखतावर येतं. खरेदीखतावर बापाच्या नावासकट येतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा देताना तुमचा फोटो निघतो. शेजारी कोण, गल्ली कोणती, बुद्धविहार किती पावलांवर, हे गिऱ्हाईक पहिल्या दिवशी पानाच्या टपरीवर विचारून घेतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. महारवाड्याची पाटी गेली, दुसरी आली. पण गिऱ्हाईकाच्या डोक्यातली पाटी नगरपरिषद बदलत नसते. तेव्हा फोटो उतरवून जात झाकत नाही. झाकतो आपण फक्त आपल्याला.

मग दलाल तो उतरवायला का लावतो? कारण त्याला माणूस वाकलेला पाहिजे. ज्यानं एकदा भिंतीवरचा बाप उतरवला तो पुढं भाव उतरवताना जास्त बोलत नाही. हे मी गिरणीत रोज बघतो. मी रिंगफ्रेमवर उभा राहतो. कामाला लागायला आलेल्या पोराला पहिल्या दिवशी मुकादम विनाकारण शिवी देतो. पोरगं गप्प बसलं की पुढची पगाराची बोलणी सोपी जातात. तेच तंत्र.

दलाल म्हणेल, हा नियम सगळ्यांना आहे. घर कुणाचंच नसल्यासारखं दिसलं की येणाऱ्याला ते आपलं वाटतं. अच्छा? मग वरच्या गल्लीतल्या बंगल्याच्या दारावरची गणपतीची फरशी तू कधी उखडायला लावलीस? तुळशीवृंदावन हलवायला लावलंस? चौकटीवरचं कुंकवाचं स्वस्तिक पुसायला लावलंस? तिथं तू म्हणतोस, बघा साहेब, किती प्रसन्न वास्तू. तुझा 'कुणाचंच नसलेलं घर' हा नियम फक्त निळ्या दारापाशीच का सुरू होतो रे भो?

१९३० साली नाशिकला आपली माणसं देवळाचं दार उघडा म्हणून उभी राहिली, ते पुढं पाच वर्षं चाललं. मार खाल्ला, तुरुंग पाहिला. दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी त्या घराकडं पाठ फिरवली. येवला ओझरहून किती लांब आहे? ज्या जिल्ह्यात माणसानं देवाचं दार ठोठावायचं सोडून स्वतःचं घर बांधायचं ठरवलं, त्याच जिल्ह्यात त्याची नातवंडं आपलंच दार उघडून आपल्यालाच बाहेर काढतायत.

नाव लपवून छप्पर मिळतं का, ह्याचा प्रयोग बाबासाहेबांनी स्वतःच्या अंगावर सोसलाय. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. परदेशात शिकून आलेला माणूस. पण राहायला खोली नाही. शेवटी पारशी नावानं पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात. खोली सोड. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडं विचारलं, दोघांनी हात वर केले. कामाठीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. कशाला लिहिली? पुढच्या पोरांनी परत पारशी नाव घेऊ नये म्हणून. नाव बदलून मिळालेलं छप्पर अकराव्या दिवशी जातं. जाताना तुम्हाला चोर ठरवून जातं.

काही जण म्हणतील, तुम्ही घर विकायच्याच विरुद्ध आहात. अजिबात नाही. घर विकणं हा गुन्हा नाही. बाबासाहेबांनी दादरचं राजगृह ठेवलं, पण 'चार मिनार' ही इमारत १९४१ साली विकून टाकली. पुस्तकांसाठी, देणं फेडण्यासाठी. गरजेला विका, पोराच्या शिक्षणाला विका, गाव सोडायचं म्हणून विका. मालकासारखे विका एवढंच म्हणणं आहे.

हा प्रश्न ओझरपुरता नाही. अमेरिकेतसुद्धा घर विकताना घरच्यांचे फोटो काढा असा सल्ला देतात. तिथल्या काळ्या माणसांना त्याचा वेगळाच अर्थ कळला. कॅलिफोर्नियात मरिन सिटी म्हणून वस्ती आहे. तिथं एका काळ्या जोडप्यानं घराची किंमत ठरवून घेतली, ९ लाख ९५ हजार डॉलर आली. काही दिवसांनी त्यांनी आपले फोटो काढले, घरात गोऱ्या मैत्रिणीचे फोटो लावले, तिलाच मालकीण म्हणून उभं केलं. त्याच घराची किंमत १४ लाख ८२ हजार ५०० डॉलर झाली. वीट तीच, खिडकी तीच. फरक फक्त कातडीचा. पण पुढं त्यांनी काय केलं? दोन्ही आकडे घेऊन २०२१ साली कोर्टात गेले, आणि २०२३ साली समोरच्याला तडजोड करावी लागली. त्यांनी फोटो उतरवला तो पुरावा म्हणून. आपण उतरवतो तो शरम म्हणून. ह्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९६६ ला ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभे राहिले, १९७२ ला मुंबईत दलित पँथर. तेव्हा आपण त्यांच्याकडून पंजा घेतला. आता हाही धडा घ्या.

आणि कायद्याचं बघा. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, त्याचं ४ थं कलम. कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला अस्पृश्यतेच्या कारणानं कुणी आडवं आलं तर तो गुन्हा आहे. म्हंजे घर घेताना अडवलं तर कलम आहे. पण विकताना जातीवरून भाव पाडला तर? त्याला कलम नाही. 'बजेट बसत नाही' एवढं म्हटलं की तो सुटला. कायदा जिथं पोचत नाही तिथं वस्तीची एकी पोचावी लागते. शिवाय आज विकणारा तोच उद्या घेणारा आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या साथीदारांनी दिल्ली आणि तिच्या आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी करून २०१५ साली छापली. घर मागणारा दलित किंवा मुसलमान आहे कळलं की नकार, नाहीतर अटी. जो आज विकताना 'घड्याळ' म्हणतो त्याला उद्या घेताना काहीतरी दुसरं म्हणावं लागेल, आणि परवा शेजाऱ्याला तिसरं. ह्या खोटाला शेवट नाही.

आता घर विकायचं खरं शास्त्र सांगतो. ह्यात पैसा थोडा, घाम जास्त.

आधी पाणी. गळती आणि ओल हे घराचे खरे डाग आहेत. पत्र्याचे वायसर बदला, गच्चीची भेग सिमेंटनं बुजवा, पन्हाळ साफ करा. ओलीवर नुसता चुना फासून लपवू नका, पहिल्या पावसात तो फुगून बाहेर येतो आणि शिव्या खातो वस्ती. मग चुना. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवा, सकाळी गाळून घ्या, चिकटायला थोडं मीठ किंवा डिंक, आणि चिमूटभर नीळ. नीळ विसरू नका, नाहीतर भिंत पिवळट दिसते. दलाल फार बोलला तर त्याला हेही सांगा, की भिंत पांढरी दिसायलासुद्धा निळं लागतं. मग बारीकसारीक. बिजागरीला तेल, कडी घट्ट, लोंबती वायर पट्टीत, मोरी घासलेली, पाण्याची टाकी धुतलेली. माळ्यावरच्या मोडक्या ट्रंका, गंजलेली सायकल भंगारात द्या, खोली हातभर मोठी दिसते. खिडकी उघडी ठेवा. एवढं दोन रविवारांत होतं.

मग कागद. भाव फोटोनं पडत नाही, कागदानं पडतो. बहुतेक ठिकाणी आपल्या लोकांकडं नमुना ८ चा उतारा असतो आणि तेवढ्यावर ते निर्धास्त असतात. तो उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. मिळकत पत्रिका आहे का बघा. घर अजून आजोबाच्या नावावर असेल तर आधी वारसांची नोंद करा. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल थकलं असेल ते मिटवा. आणि जागा वतनाची असेल तर शंभरदा बघा. महारवतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. पण जमीन मिळाली ती नव्या अविभाज्य शर्तीवर. अशा जागेचा घरासाठी सौदा करायचा तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी आणि नजराणा लागतो. ती न घेता नोटरीच्या कागदावर मातीमोल भावात जमिनी काढून घेतल्याच्या कहाण्या गावोगाव आहेत. दलाल फोटोबद्दल बोलतो आणि शर्तीबद्दल गप्प बसतो, तेव्हा समजा की तो तुमच्या बाजूचा नाही.

आणि आता आपल्याच लोकांना दोन शब्द. हे कडू लागेल. घरावर मुलीचाही हक्क आहे. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं त्याचं एक मोठं कारण हिंदू कोड बिलाची कुचंबणा हे होतं. आणि त्यांचा फोटो भिंतीवर ठेवून, त्याच फोटोखाली बसून, तुम्ही बहिणीला साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही मागता? मग दलालानं फोटो काढला काय आणि तुम्ही ठेवला काय. घर विकायच्या तयारीतलं हे पहिलं काम धरा. बहिणीला बोलवा, आकडा सांगा, तिचा वाटा तिच्या हातात द्या. फोटो ठेवायचा अधिकार त्यातून येतो.

दुसरा शब्द आपल्या शिकलेल्यांना. पगार आला, रो-हाऊस घेतलं, आणि दारावर फक्त दोन आद्याक्षरं. फोटो आतल्या खोलीत, कपाटाच्या दारामागं. १४ एप्रिलला वस्तीत येऊन भाषण, १५ ला सोसायटीत गप्प. दलालानं हा नियम वाऱ्यावर शोधला नाही, तुमच्या दारावरून शिकला.

कुणी म्हणेल, अहो भाकरीचं बघा, फोटो परत लावता येतो. मी भाकरीचंच बघतोय. फोटो उतरवून लाख रुपये जास्त मिळतात असं कुणी दाखवलं असतं तरी मी भांडलो असतो. पण इथं तेही मिळत नाही. मिळतो तो फक्त पांढरा चौकोन. आणि घरातली लहान पोरं तो चौकोन बघतात. त्यांना कळतं की आपल्या घरात काहीतरी असं आहे जे पाहुणा आला की लपवायचं असतं. ते पोरगं मग शाळेत नाव सांगताना अडखळतं. ह्याचं व्याज कुठल्या बँकेत फेडायचं?

तेव्हा कार्यकर्त्यांनो, मोर्चा, निवेदन, जयंती चालू राहू द्या, पण हेही काम घ्या. वस्तीत कुणी घर विकायला काढलं की दलालाच्या आधी आपण दारात पोचायचं. तीन पोरं ब्रश आणि चुन्याची बादली घेऊन. एकजण कागद वाचता येणारा. एकजण उतारे काढून आणणारा. शक्य असेल तर गिऱ्हाईक वस्तीतलं, नात्यातलं बघायचं, दलालीचे टक्के वाचतात. बाहेरचं गिऱ्हाईक आलं तर बोलणी करताना मालक एकटा बसू द्यायचा नाही, बरोबर दोघांनी बसायचं. चहा ठेवायचा. प्यायला नाही तर तेही लक्षात ठेवायचं. आणि दलाल म्हणाला फोटो उतरवा, तर सगळ्यांनी मिळून एकच उत्तर द्यायचं: ज्याला फोटोसकट घर बघवत नाही त्याला आमच्या सहीचं खरेदीखत तरी कसं चालेल?

सौदा झाला, पैसे हातात आले, खरेदीखत नोंदवलं, किल्ली द्यायची वेळ आली, मग फोटो काढा. सगळं सामान गेल्यावर, सगळ्यात शेवटी. घरातल्या कर्त्या बाईनं स्वतःच्या हातानं काढावा, पदरानं पुसावा आणि टेम्पोत सामानाखाली न टाकता मांडीवर घेऊन नव्या घरी न्यावा. तिथं पहिला खिळा त्याच्यासाठी ठोका.

दादासाहेब गायकवाड ह्याच जिल्ह्याचे, दिंडोरी तालुक्यातले. १९५९ आणि १९६४ साली त्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली. कशासाठी? आपल्या माणसाच्या पायाखाली आपली म्हणावी अशी जमीन असावी म्हणून. त्यातली वीतभर जमीन आज आपल्याकडं आहे. ती विकायची पाळी आली तर विकू. पण ओट्यावर उभं राहून, नाव सांगून, आडनाव सांगून.

ह्या रविवारी बादल्या घेऊन या. चुना मी भिजवून ठेवतो.

जयभीम.